कौशल्याचा स्तर वेतनाला जोडा: दोन विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
मा. प्रधान सचिव, कामगार विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय / महोदया,

हे पत्र एकाच वेळी दोन विभागांना लिहीत आहे. कामगाराला काय येते ते तपासून प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था एका विभागाकडे आहे आणि कौशल्य पाहून किमान वेतनाचा दर ठरवण्याची व्यवस्था दुसऱ्याकडे. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: या माणसाला काम किती येते? पण एका विभागाने त्याचे दिलेले उत्तर दुसरा विभाग उघडून पाहत नाही. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातला (कोणाला किती काम येते याचे स्तर ठरवणाऱ्या केंद्राच्या चौकटीतला) स्तर किमान वेतनाच्या वर्गवारीला नियमाने जोडावा, एवढीच माझी मागणी आहे. बाकी सारे लिखाण ती का करतो हे सांगण्यासाठी.

मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे. मी शिकवलेली मुले चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक ठिकाणी कामाला आहेत. काहींची स्वतःची वर्कशॉप आहेत, काही परदेशात गेली. पण फोन येतात त्यातले बरेच त्यांचे असतात, जे पास होऊन कैक वर्षे झाली तरी ठेकेदाराच्या मस्टरवर ‘हेल्पर’ म्हणूनच आहेत. मशीन तेच चालवतात, सेटिंग तेच करतात, नव्या पोराला शिकवायलाही त्यांनाच सांगितले जाते. मस्टर मात्र हेल्परचे, आणि पगार मस्टरप्रमाणे.

क्षमताधिष्ठित शिक्षण या कल्पनेचा मी विरोधक नाही, उलट मनापासून समर्थक आहे. ती आमच्या शॉपफ्लोअरला कधी नवीन नव्हतीच. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात एम.एस. फ्लॅटचा (पोलादी पट्टीचा) तुकडा आणि बास्टर्ड फाइल (जाड दातांची कानस) दिली की तो आठवडाभर घासत बसतो. मग ट्राय स्क्वेअर लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा व्हाइसला लावायचा. किती दिवस घासले याला तिथे किंमत नाही. काटकोन जमला की नाही, एवढेच पाहायचे. पुढे मेल-फिमेल फिटिंग येते, ड्रिलिंग, टॅपिंग, रीमिंग येते, व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचायला हात आणि डोळा तयार होतो. दोन वर्षांच्या शेवटी मुलाला एखादा जॉब ड्रॉइंगवरून एकट्याने उभा करता आला तर तो फिटर. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली तेव्हापासून चांगल्या निदेशकांनी असेच शिकवले आहे.

२७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, तेव्हा हे तत्त्व देशाचे धोरण बनले. कोणी कुठे आणि किती वर्षे शिकले यापेक्षा त्याला काय करता येते यावर स्तर ठरावा, असे त्याचे म्हणणे. आधी दहा स्तर होते, २०२३ च्या सुधारणेत ते आठ झाले. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळा, कॉलेज आणि कामाची जागा या तिन्हींचे हिशेब एका वहीत आणले: ३० तासांना एक क्रेडिट, वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवातून शिकलेल्यांच्या कौशल्याची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. कागदावर पाहिले तर ही फार मोठी आणि न्यायाची गोष्ट आहे. या देशात बहुतेक कारागीर शाळेत घडलेले नाहीत. गवंडी गवंड्याच्या हाताखाली शिकला, कोल्हापूरच्या फाउंड्रीतला मोल्डर वाळूत हात घालून शिकला, इचलकरंजीचा जॉबर मागावर शिकला. त्यांच्या ज्ञानाला सरकारने पहिल्यांदा नाव दिले.

नाव दिले, पण दर दिला नाही.

इथून पुढे मला कामगार विभागाशी बोलायचे आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून आपण अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वर्गवारी करत आलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता, २०१९ अमलात आली. तिच्या सहाव्या कलमात अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल असे चार वर्ग आहेत आणि दर ठरवताना कौशल्य, भौगोलिक क्षेत्र किंवा दोन्ही मुख्यतः विचारात घ्यावे असे तिथे म्हटले आहे. म्हणजे कौशल्य हा वेतनाचा एक पाया आहे, हे कायद्याने मान्य केलेले आहे. मग एखादा कामगार कोणत्या वर्गात बसतो हे प्रत्यक्षात कोण ठरवते? मस्टर भरणारा. दुकान निरीक्षक किंवा सरकारी कामगार अधिकारी तपासणीला आलाच तर त्यालाही मस्टरच दाखवले जाते. कामगाराच्या खिशातल्या, आयटीआय पास झाल्यावर मिळणाऱ्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राला त्या तपासणीत काही स्थान नाही.

आणि वर्गा-वर्गातले अंतर तरी किती ठेवले आहे? दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी २०१९ साली ठरलेले परिमंडळ एकचे मूळ दर घ्या. अकुशल १०,०२१ रुपये, अर्धकुशल १०,८५६, कुशल ११,६३२. अकुशल आणि कुशल यांच्यात महिन्याला १,६११ रुपयांचा फरक. विशेष भत्ता तिन्ही वर्गांना सारखाच, त्यामुळे महागाईबरोबर तो वाढत गेला की हे अंतर एकूण पगाराच्या मानाने आणखी आकसते. दोन वर्षे आयटीआय, त्यावर वर्षभर शिकाऊ उमेदवारी, त्यात घरची कमाई बुडवलेली, गावाहून रोजचा एसटीचा प्रवास; आणि एवढे करून हातात येणारा जास्तीचा पैसा हा. तोही मस्टरवर ‘कुशल’ लिहिले गेले तर. आयटीआयच्या काही ट्रेडच्या जागा का रिकाम्या राहतात यावर बैठका होतात, मुलांची मानसिकता बदलली पाहिजे असे त्यात बोलले जाते. मुले आणि त्यांचे आईबाप हिशेब नीट करतात, महोदय. मानसिकतेत काही बिघाड नाही.

हे जगात कुठे जमले आहे का, असा प्रश्न आपल्या कार्यालयात कोणीतरी विचारेलच. जमले आहे, आणि ते कामगार संघटनांच्या आग्रहाने जमले. ऑस्ट्रेलियात ऐंशीच्या दशकात धातू उद्योगाच्या वेतन निवाड्यात कामगारांच्या शेकडो श्रेण्या होत्या. कोण कोणत्या मशीनवर हात लावणार यावरून संघटनांमध्येच भांडणे होत, आणि पत्रे कापणाऱ्या कामगाराला आयुष्यभर पत्रेच कापावे लागत. १९८६ मध्ये तिथल्या संघटनांचे शिष्टमंडळ स्वीडन, नॉर्वे, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन पाहून आले. धातू कामगारांचे नेते लॉरी कारमायकेल यांनी आग्रह धरला की कामगाराला शिकायची वाट हवी आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक पायरीला पगार हवा. १९८८ च्या राष्ट्रीय वेतन निवाड्यानंतर श्रेण्यांची फेररचना सुरू झाली आणि धातू उद्योगात सी-१४ ते सी-१ अशा चौदा पायऱ्या आल्या. मधली सी-१० ही पूर्ण शिकलेल्या कारागिराची. तिचा दर १०० धरायचा आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात. तळाच्या सी-१४ ला ७८ टक्के. नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम याच पायऱ्यांना जोडला गेला. अमुक क्षमता सिद्ध केल्या आणि त्या कामाला लागत असल्या की वरची पायरी, वरची पायरी म्हणजे वरचा दर. फेरफार झाले, वाद झाले, पण सी-१० चा दर आजही तिथल्या वेतन व्यवस्थेत मापदंड म्हणून वापरला जातो.

त्या चौदा पायऱ्यांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की शिक्षणाची आणि वेतनाची आखणी एकाच टेबलावर, एकाच वाटाघाटीत झाली. मालकाला बहुकौशल्याचा कामगार मिळाला, कामगाराला वर चढण्याची वाट मिळाली. आपण त्या टेबलाचा अर्धाच भाग उचलून आणला. पात्रतेचे स्तर, क्षमतांची एकके, मूल्यमापन संस्था हे सगळे आले. ज्यासाठी ते केले होते ते वेतन मागेच राहिले.

ऑस्ट्रेलियाचा दुसरा धडाही सांगितला पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. पुढे तिथे प्रशिक्षण बाजारावर सोपवण्यात आले. खाजगी संस्थांना विद्यार्थ्यामागे पैसे मिळू लागले, आणि २०१२ नंतरच्या काही वर्षांत सरकारी कर्जावर चालणाऱ्या डिप्लोमांमध्ये एवढा गैरव्यवहार झाला, लॅपटॉपचे आमिष दाखवून नावनोंदण्या करण्यापर्यंत, की ती कर्जयोजना २०१६ अखेर बंद करावी लागली. दक्षिण आफ्रिकेनेही ऑस्ट्रेलियाकडे पाहून १९९५ साली पात्रता आराखड्याचा कायदा केला. वर्णभेदाने ज्यांना शिकू दिले नव्हते त्या कामगारांना वर आणण्याची उमेद त्यामागे होती. प्रमाणके हजारोंनी लिहिली गेली, त्यातली बहुसंख्य कधी वापरलीच गेली नाहीत, आणि २००८ साली कायदाच नव्याने करावा लागला. आराखडा लिहून काम होत नाही, हे दोन्हीकडे दिसले.

आता कौशल्य विभागाशी.

क्षमतांचे तुकडे किती लहान करायचे याला मर्यादा हवी. फिटर हा ट्रेड आहे. त्या मुलाला धातू कळतो, मोजमाप कळते, ड्रॉइंग कळते, मशीन का थरथरते ते कळते. त्यामुळे एक कारखाना बंद पडला तर तो दुसऱ्या धंद्यात उभा राहू शकतो. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांतून आपण जी कामे शिकवतो ती बहुतेक एकेका मशीनची किंवा एकेका टप्प्याची आहेत. काही शे तासांत मुलगा ठरलेला प्रोग्रॅम लोड करून सायकल स्टार्टचे बटण दाबायला शिकतो. त्याची गरज नाही असे मी म्हणत नाही. पण टूल तुटले, ऑफसेट बदलायचा आहे, जॉबवर टेपर येतोय, तिथे तो अडतो. आणि मॉडेल बदलले की त्याला घरी पाठवणे सोपे जाते. उद्योगाला आज हवे ते शिकवा, असे प्रत्येक परिषदेत ऐकू येते. उद्योगाची आजची गरज दोन-तीन वर्षांची असते आणि मुलाला चाळीस वर्षे काम करायचे असते. सरकारने मुलाच्या चाळीस वर्षांची बाजू घ्यावी, कारण ती घेणारा दुसरा कोणी नाही.

मूल्यमापनाबद्दल अधिक स्पष्ट बोलतो. ज्या क्षेत्र कौशल्य परिषदा (एकेका उद्योगक्षेत्रासाठीच्या संस्था) प्रमाणके लिहितात त्याच मूल्यमापन करवतात आणि प्रमाणपत्रही देतात, यात हितसंबंधांचा गुंता आहे, हे शारदा प्रसाद समितीने २०१६ सालीच दाखवून दिले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आली, ती २०२० पासून काम करू लागली, नियम कडक झाले. तरीही केंद्रावर घडते ते अनेकांनी पाहिले आहे. बाहेरगावचा मूल्यमापक सकाळी येतो, टॅबवर बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेतो, दुपारी प्रात्यक्षिकाचे फोटो काढतो आणि संध्याकाळची गाडी धरतो. वेल्डिंगचा जॉब वाकवून, तोडून पाहिल्याशिवाय वेल्ड कसा आहे हे कळत नाही. फोटोत वेल्डचे सगळे बीड (जोडाच्या रेघा) सारखेच दिसतात. अनुभवी कामगारांच्या तपासणीत तर काही ठिकाणी थोड्या तासांचे मार्गदर्शन, एक परीक्षा आणि पाचशे रुपये बक्षीस, एवढ्यावर आटोपले. कामगाराने पाचशे रुपये घेतले आणि प्रमाणपत्र पेटीत ठेवले. त्याचा उपयोग काय, हे त्याला कोणी सांगू शकले नाही, कारण उपयोग नव्हताच.

आणि म्हणूनच मला वाटते की मूल्यमापन सुधारण्याचा खरा रस्ताही वेतनातूनच जातो. आज प्रमाणपत्राने कोणाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून ते खरे की पोकळ याची मालकाला पर्वा नाही. उद्या चौथ्या स्तराच्या प्रमाणपत्राला ‘कुशल’चा दर देणे बंधनकारक झाले, तर पहिला मालकच विचारेल की ही तपासणी कोणी केली, जॉब दाखवा. मालक संघटना मूल्यमापन मंडळावर माणूस बसवायला स्वतःहून पुढे येतील. कामगार संघटनाही येतील, कारण खोट्या प्रमाणपत्राने खऱ्या कारागिराचा दर पडतो. ज्या कागदाला मोल असते त्याची राखण सगळे करतात.

शिकाऊ उमेदवारीकडे वळतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा अजून चालू आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे त्याखाली बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे विद्यावेतन पाच हजार ते नऊ हजार रुपये ठरले. आयटीआय झालेल्याला किमान सात हजार. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. जो खरोखर शिकतो आहे त्याच्यापुरते हे बरोबर आहे. शिकताना माल वाया जातो, वेळ जातो, त्याचा खर्च मालक सोसतो.

तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. मुलगा आयटीआय करतो. मग वर्षभर शिकाऊ उमेदवारी करून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवतो. एवढे झाल्यावर त्याला पुन्हा ‘ट्रेनी’ म्हणून घेतले जाते, वेगळ्या योजनेखाली, वेगळ्या नावाने. मध्यंतरी तरुणांना कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवण्याची ‘नीम’ नावाची योजना होती. २०१३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ती आणली, आणि औद्योगिक पट्ट्यांत तिच्या नावाने इतकी माणसे थेट उत्पादनाच्या लाइनवर उभी राहिली की पुढे ती योजनाच बंद करण्यात आली. नाव गेले, पद्धत राहिली. माझा एक विद्यार्थी तीन कारखान्यांत तीन वेळा ट्रेनी झाला. प्रत्येक वेळी गेटवर त्याला शून्यापासून शिकणारा धरले गेले, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या आठवड्यात त्याला स्वतंत्र मशीन देण्यात आले. आपल्याच सरकारने त्याला दिलेले प्रमाणपत्र सांगते की त्याला हे काम येते. मग त्याच कामासाठी त्याला पुन्हा प्रशिक्षणार्थी ठरवू देणे म्हणजे सरकारने स्वतःची सही नाकारणे आहे.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. हेतू चांगला आहे, आणि गावातल्या पोरांना तेवढ्या महिन्यांचा आधार झालाही. पण मुदत संपल्यावर त्यांच्या हाती कोणत्या स्तराची, कोण मानेल अशी पात्रता आली? कार्यालयात सहा महिने काम केलेल्या मुलीला क्रेडिट मिळाले का? नव्या क्रेडिट आराखड्यात याची सोय आहे, फक्त ती वापरायला हवी.

बांधकामाचे क्षेत्र मुद्दाम वेगळे घेतो, कारण माझ्या मागणीचा सर्वांत मोठा लाभ तिथल्या बायांना होईल. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना आयुष्यभर बिगारीचाच रोज मिळतो. घमेली वाहता वाहता त्यांतल्या कितीतरी जणी माल मळण्याचे प्रमाण, गिलाव्याची पातळी, फरशीचा उतार, जॉइंट भरणे हे सगळे शिकलेल्या असतात. मिस्त्री म्हणून त्यांना कोणी बोलावत नाही, कारण मिस्त्री पुरुषच असतो ही समजूत. वर्षे मोजणारी व्यवस्था तिला कधीच मिस्त्री म्हणणार नाही, तिच्या गुरूचे नाव कोणी विचारणार नाही. हात काय करतो हे पाहणारी व्यवस्था मात्र म्हणू शकते, कारण तिथे भिंत बघायची असते. तिने लावलेला ओळंबा सरळ असेल तर ती गवंडी.

यासाठी पैसा आहे. १९९६ च्या कायद्यांपासून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होत आला आहे आणि तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे येतो. नोंदणीसाठी ९० दिवस कामाचा दाखला लागतो, म्हणजे कामगाराची ओळख मंडळाकडे आधीच आहे. भांडी आणि सुरक्षा संचाच्या वाटपाबरोबर मंडळाने साइटवरच कौशल्य तपासणी घ्यावी. त्या दिवसाचा बुडालेला रोज मंडळाने भरून द्यावा, नाहीतर रोजावर जगणारा माणूस परीक्षेला येणारच नाही. तपासणारा स्वतः मुरलेला मिस्त्री असावा, पदवीधर असण्याची अट त्याला नको. आणि पास झालेल्या बाईला त्या साइटवर पुढच्या महिन्यापासून कुशलचा रोज द्यावा लागेल, हे त्या प्रमाणपत्रावरच छापलेले असावे.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. छोट्या वर्कशॉपवाल्यांशी माझे जन्माचे संबंध आहेत. तीन लेथ आणि एक मिलिंग असलेला माणूस मोठ्या कंपनीच्या दराखाली चिरडलेला असतो, पैसे नव्वद-नव्वद दिवस अडकतात. त्याने म्हटले की मला एवढा पगार परवडत नाही, तर तो खोटे बोलत नाही. पण त्याच्याकडेच चांगला टर्नर टिकत नाही, सहा महिन्यांत पाच-सातशे रुपये जास्त मिळाले की निघून जातो, आणि नव्याला शिकवण्यात माल वाया जातो. दर सगळीकडे स्तरावर ठरला तर ही पळवापळवी कमी होईल. शिवाय सुरुवात मोठ्या आस्थापनांपासून करता येईल, पन्नास किंवा शंभर कामगारांच्या वरून, आणि लहानांना काही वर्षांची सवलत. शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनात केंद्र सरकार २०१६ पासून २५ टक्के, कमाल १,५०० रुपये वाटा उचलते. स्तरवाढीनंतरच्या वेतनवाढीसाठी राज्याने लहान उद्योगांना असाच काही काळ हात द्यावा.

आता नेमके काय करावे ते सांगतो. केंद्राने वेतन संहितेखालच्या नियमांचा २०२० साली जो मसुदा काढला त्यात एका तांत्रिक समितीची तरतूद होती. कोणता व्यवसाय कोणत्या वर्गात बसवायचा यावर तिने सल्ला द्यायचा, तिच्यावर कौशल्य मंत्रालयाचा प्रतिनिधी असायचा, आणि सल्ला देताना राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण किंवा राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा शक्य तितका विचारात घ्यायचा, असे त्यात लिहिले होते. म्हणजे माझी मागणी कुठल्या स्वप्नातली नाही, केंद्राच्या कागदावर तिची सुरुवात झालेली आहे. महाराष्ट्राने आपल्या राज्य नियमांत ‘शक्य तितका’ हे शब्द काढून टाकावेत. दोन वर्षांचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र असलेला कामगार त्या ट्रेडचे काम करत असेल तर तो ‘कुशल’पेक्षा खालच्या वर्गात दाखवता येणार नाही, आणि शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून काही वर्षांचा अनुभव घेतलेल्याला ‘अतिकुशल’ वर्गासाठी तपासणी मागण्याचा हक्क असेल, असे नियमात स्पष्ट लिहावे. वेतन चिठ्ठीवर पदनामाशेजारी पात्रतेचा स्तर छापणे सक्तीचे करावे. तेवढ्या एका रकान्याने निरीक्षकाचे निम्मे काम सोपे होईल. शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र असलेल्याला त्याच ट्रेडमध्ये पुन्हा प्रशिक्षणार्थी म्हणून नेमण्यास मनाई करावी.

राज्याच्या अशा तांत्रिक समितीवर कामगार संघटना आणि आयटीआयचे निदेशक हवेत. आज अभ्यासक्रमाच्या बैठकीला उद्योगाचे प्रतिनिधी बोलावले जातात, ते योग्यच आहे. पण कामगारांचा प्रतिनिधी त्या खोलीत क्वचितच दिसतो, आणि निदेशकाला तयार अभ्यासक्रम टपालाने मिळतो.

सुरुवात सरकारने आपल्या दारात करावी. शासकीय कार्यालये, महापालिका, पाणीपुरवठा, रुग्णालये इथे इलेक्ट्रिशियन, वायरमन, प्लंबर, लिफ्टमन ठेकेदारामार्फत लावले जातात. त्या निविदांमध्ये एक अट घाला: ज्या कामाला ज्या स्तराची पात्रता, त्या कामगाराला त्या वर्गाचा दर, आणि बिल सादर करताना प्रमाणपत्रांची यादी सोबत. यासाठी कायदा बदलायला नको, एक शासन निर्णय पुरेसा आहे. आयटीआयमध्येच तासिका तत्त्वावर शिकवणारे निदेशक आहेत. सरकारच्याच नियमांप्रमाणे पात्र असलेला माणूस तासावर, सुट्टीच्या पगाराशिवाय काम करतो आणि मुलांना सांगतो की कौशल्याला किंमत आहे. मुले त्याच्याकडे बघत असतात.

केंद्राने आयटीआयच्या सुधारणेसाठी साठ हजार कोटींची योजना मे २०२५ मध्ये मंजूर केली, देशातल्या एक हजार संस्थांसाठी. ‘पीएम-सेतू’ नावाने ती सुरू झाली आहे. यंत्रे येतील, इमारती रंगतील, कंपन्या संस्था चालवण्यात भाग घेतील. मला त्याचा आनंदच आहे; तुटक्या टूल पोस्टवर शिकवणे काय असते ते मी जाणतो. पण त्या यंत्रावर शिकून बाहेर पडलेला मुलगा गेटवर पुन्हा हेल्परच ठरणार असेल तर तो पैसा मुलापर्यंत पोचणार नाही.

शाळांविषयी इथे लांबवत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख सांगितली आहे आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत ती पोचवण्याचे लक्ष्य ठेवले होते. मुलाच्या घरी जो बाप वेल्डर आहे त्याला जोवर हेल्परचा पगार मिळतो, तोवर शाळेतल्या त्या तासाला घरून पाठिंबा मिळणार नाही, एवढेच म्हणतो.

माझी विनंती आहे की दोन्ही विभागांनी मिळून एक संयुक्त कार्यगट नेमावा आणि त्याला सहा महिन्यांची मुदत द्यावी. अभियांत्रिकी आणि बांधकाम या दोन उद्योगांपुरता, आपल्या नेहमीच्या तीन परिमंडळांसह, स्तर आणि वेतन यांचा जोडतक्ता त्याने तयार करावा आणि हरकती-सूचनांसाठी मराठीत प्रसिद्ध करावा. तो तक्ता तयार करण्यात आमच्यासारख्या निवृत्त निदेशकांचा उपयोग होणार असेल तर कोणत्या कामाला काय आणि किती कौशल्य लागते हे ट्रेडनिहाय लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. मानधनाची अपेक्षा नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (फिटर)